पावशेर बुरशी

त्या शनिवारी फिनेलसाहेबांनी फक्त एक फळी पुसायची ठरवली होती. एकच. मागच्या लहान खोलीतली, खिडकीखालची. ती पुसून झाली की हात धुवायचे, पेपर उघडायचा आणि बायको बहिणीकडून परत येईपर्यंत पेपराच्या आडोशाने डुलक्या काढायच्या, असा त्यांचा अगदी निरुपद्रवी बेत होता. निवृत्त माणसाने एवढंसं काम काढलं तर आभाळ कोसळत नाही, असा त्यांचा समज होता.

फिनेलसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. (खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं, आणि तिथेही ते चुकीचं छापलेलं होतं.) नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात घालवली. खानावळींची भांडी, बेकरीवाल्यांची नखं, फळवाल्यांच्या टोपल्यांचे तळ, असं सगळं जगाने न पाहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. उंदीर, माशी, झुरळ यांच्याशी त्यांचं वैर होतं, पण त्या वैरात एक प्रकारचा आदर होता. झुरळ निदान दिवा लावला की पळून जाण्याइतकी तरी लाज बाळगतं. बुरशीचं तसं नाही. ती आवाज न करता येते, बसते, आणि वर मखमल पांघरून आपल्याकडेच बघत राहते. बुरशी म्हटलं की साहेबांचं मस्तक फिरायचं.

घरात तर तिला पाय ठेवायची सोय नव्हती. साबण जाळीवर वाळत असायचा, टॉवेल उन्हात. पावाचा प्रत्येक तुकडा साहेब उजेडाकडे धरून, एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखे एक डोळा बारीक करून तपासत आणि मगच तोंडात टाकत. बायको म्हणायची, "अहो, खा की आता. पाव आहे तो, नोट नाही."

अशा या घरात सून आली ती भाजीपाला संशोधन केंद्रात काम करणारी. लग्नाच्या बोलण्यांत कुणीतरी सांगितलं होतं, की मुलगी झाडांच्या रोगांवर संशोधन करते. साहेबांनी त्याचा अर्थ 'भाज्यांची स्वच्छता निरीक्षक' असा लावला आणि जागच्या जागी होकार दिला. म्हणाले, "आपल्याच खात्यातली आहे!" (मुलाला कुणी विचारलं नव्हतं. मुलगा बोटीवर इंजिनिअर. तो वर्षातले बरेच महिने पाण्यावर असतो आणि उरलेले झोपेत.) त्यापुढे ती तिथे नेमकं काय करते, हे साहेबांनी कधी विचारलं नाही. सासऱ्याने सुनेच्या ऑफिसात नाक खुपसू नये, हे त्यांचं तत्त्व होतं. ऑफिस घरी आलं तर काय करायचं, याबद्दल मात्र तत्त्व नव्हतं.

आणि त्या आठवड्यात ते घरी आलं. केंद्रातली तापमान सांभाळणारी खोली बिघडली, म्हणून सुनेने आपल्या चार बरण्या मागच्या खोलीतल्या खिडकीखालच्या फळीवर आणून ठेवल्या. नाश्त्याच्या वेळी तिने ते दोघांनाही नीट सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं. साहेब त्या वेळी पाव उजेडाकडे धरून बसले होते. ते "हं" म्हणाले. (नवऱ्यांच्या 'हं'चा अर्थ 'ऐकलं' असा होत नाही, हे बायकांना फार लवकर कळतं. सुनांना थोडा वेळ लागतो.)

तर साहेबांनी फडकं भिजवलं, फळीवरचा खाकी कागद दूर केला आणि जागीच थिजले.

चार बरण्या. तोंडाला कापसाचे बोळे. आत पिवळसर पाणी आणि त्या पाण्यावर, अगदी काठापर्यंत, जाडजूड, हिरवीगार, तुकतुकीत बुरशी. एवढी तब्येतीत असलेली बुरशी त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती.

पहिला झटका ओसरल्यावर मात्र त्यांना आनंद झाला. उगाच खोटं कशाला बोला, चांगलाच आनंद झाला. कारण 'तुम्हाला वेड लागलंय', 'या घरात काही सापडणार नाही', 'इतकी वर्षं संसार केला तो काय घाणीत?' असं रोज सुनावणाऱ्या बायकोविरुद्ध अखेर पुरावा मिळाला होता. कसलं तरी सूप उरलं असेल, उद्या बघू म्हणून ठेवलं असेल आणि विसरली असेल! साहेबांनी बाह्या सरसावल्या.

सापडलेला माल आधी निर्धोक करायचा, मग सील करायचा, मग हजर करायचा, ही पद्धत त्यांच्या अंगात मुरलेली होती. त्यांनी मोठा कुकर काढला. बोळ्यांसकट बरण्या आत बसवल्या. झाकण लावलं, गॅस मोठा केला आणि समोर खुर्ची टाकून बसले. कुकरने शिट्टी दिली की ते मान डोलवत. अगदी मैफिलीत बसलेल्या रसिकासारखे. थोड्या वेळाने झाकण उघडलं तेव्हा ती तुकतुकीत मखमल चिंध्या होऊन तळाशी गेली होती आणि वरचं पाणी फिकट चहासारखं दिसत होतं. साहेबांनी मेणबत्ती वितळवून बरण्यांची तोंडं बंद केली. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली, 'खाण्यास अयोग्य. जप्त.' खाली लफ्फेदार सही केली. मग दारातून येणाऱ्याची पहिली नजर पडावी अशा बेताने चारही बरण्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि हात मागे बांधून बायकोची वाट बघत येरझाऱ्या घालू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. सून होती.

"बाबा, जेवलात का?"

"अजून नाही. एका कामात होतो. तुला नंतर सांगतो, फार गंमत आहे."

"बरं. बाबा, एक काम होतं. मागच्या खोलीत माझ्या बरण्या आहेत ना, त्या जरा बघता का?"

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुणाच्या?"

"माझ्या. सकाळी सांगितलं होतं ना, खिडकीखालच्या फळीवर. माझी बुरशी आहे हो त्यात. हात लावू नका, नुसतं बघा. अजून हिरवी दिसतेय का?"

साहेबांनी टेबलाकडे बघितलं. 'खाण्यास अयोग्य. जप्त.' त्यांचीच सही त्यांच्याकडे बघत होती.

"हिरवी," ते म्हणाले, "होती."

"होती?"

"म्हणजे आहे. पण जरा... थकलीय."

"थकलीय? वर तरंगतेय ना?"

"बसलीय," साहेब म्हणाले. "खाली बसलीय. शांत आहे अगदी."

"अगंबाई! बाबा, खोलीत गरम होतंय का फार?"

"मघाशी होत होतं," साहेब म्हणाले. (हे मात्र शंभर टक्के खरं होतं.) "आता बरं आहे."

"जपा हं बाबा. वर्षभर धडपडले तेव्हा ही सापडलीय. सोमवारी काकडीच्या वेलांवर तिचा अर्क फवारायचाय, मोठ्या मॅडम स्वतः बघायला येणार आहेत. संध्याकाळी लवकर येते मी."

फोन ठेवला गेला. साहेब मात्र रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे. तोंडचं पाणी पळालं होतं. सुनेची वर्षभराची मेहनत त्यांनी कुकरला लावली होती, वर तिला सीलही ठोकलं होतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सुनेला परत फोन लावून खरं ते सांगितलं असतं. पण घाबरलेला माणूस आणि शहाणपणा यांचं कधी जमत नाही. साहेबांच्या डोक्यात आलं, की संध्याकाळपर्यंत चार बरण्यांपुरती बुरशी मिळवायची, पाण्यावर सोडायची आणि कागदाने झाकून ठेवायची. बुरशी ती बुरशी, त्यात काय एवढं! (ज्या माणसाने आयुष्यभर बुरशीच्या 'दिसलेली' आणि 'लपवलेली' अशा दोनच जाती मानल्या, त्याच्याकडून याहून जास्त शास्त्राची अपेक्षा करू नये.)

त्यांनी घर पालथं घातलं. न्हाणीघराचे कोपरे खडखडीत कोरडे. धुण्याच्या यंत्राचं रबर आरशासारखं लख्ख. पावाच्या डब्यात कालचाच पाव. जुन्या बुटांत त्यांनी आशेने नाक घातलं, तर आतून कापराचा वास आला. तो त्यांनीच ठेवला होता. या घरात बुरशीचा कण सापडू नये म्हणून त्यांनी रक्ताचं पाणी केलं होतं, आणि तो सापडत नाही म्हणून आता ते कपाळावर हात मारून घेत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेवटी त्यांनी पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

कोपऱ्यावर बेकरी होती. या बेकरीवाल्याचं दुकान साहेबांनी एकदा, एका पावावरच्या नखाएवढ्या हिरव्या डागासाठी, आठवडाभर बंद ठेवलं होतं. त्याला बरीच वर्षं झाली होती, पण बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावरून ते कालच घडलं असावं असं वाटे. साहेब आत शिरताच त्याने हातातला पाव खाली ठेवला आणि नखं पाठीमागे लपवली.

"या साहेब. काय देऊ?"

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, काउंटरवर वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बुरशी आहे का?"

"छे छे साहेब! नावाला नाही!"

"थोडी तरी असेल."

"मुलाबाळांची शपथ, साहेब."

"अहो, मला हवीय म्हणून विचारतोय. पावशेर द्या."

बेकरीवाल्याचा रंग उडाला. त्याने अनेक अधिकारी पाहिले होते, पण बुरशी वजनावर मागणारा हा पहिलाच. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही रिटायर झालात ना?"

"झालो. खाजगी कामासाठी हवीय. घरच्यासाठी."

"घरच्यासाठी," बेकरीवाल्याने पुन्हा म्हणून पाहिलं. म्हणजे साहेबांना पुन्हा कामावर घेतलंय, आणि या वेळी गुप्त खात्यात, एवढं त्याच्या ध्यानात आलं. त्याने भट्टीतून नुकताच निघालेला, हाताला चटका देणारा पाव कागदात गुंडाळून साहेबांच्या पिशवीत घातला. "हे बघा साहेब, आमच्याकडे असा माल असतो. घेऊन जा, तपासा, कुठेही दाखवा."

"मला ताजा नकोय हो!"

"तुम्ही असंच म्हणणार, साहेब," बेकरीवाला डोळा मारून म्हणाला. "आम्ही पण आता हुशार झालोय."

पुढे फळवाली होती. संत्र्यांवर बुरशी हमखास येते, हे साहेबांना नोकरीपासून माहीत होतं. "बाई, एखादं सडकं संत्रं असेल ना तळाशी? हिरवं झालेलं?" असं त्यांनी अगदी गोडीत विचारलं.

"माझ्या टोपलीच्या तळाशी?" फळवालीने कमरेवर हात ठेवले. "या, बघा! बघाच आता!" आणि तिने अख्खी टोपली रस्त्यावर पालथी केली. संत्री चहूकडे घरंगळली. साहेब वाकून ती गोळा करू लागले आणि गोळा करता करता प्रत्येक संत्रं उलटसुलट करून डाग शोधू लागले, त्यामुळे फळवालीची उरलीसुरली शंकाही फिटली. तिने प्रत्येक संत्रं पदराने पुसून चकचकीत केलं आणि त्यांतली निवडक साहेबांच्या पिशवीत कोंबली. "न्या. आणि वरच्यांना सांगा, ही बाई कुणाला भीत नाही."

शेवटचा आसरा म्हणून ते वाचनालयात गेले. जुन्या पुस्तकांच्या पाठीवर बुरशी धरते, आणि ग्रंथपाल बाई मवाळ होत्या.

"अत्यंत जुनं, ओल लागलेलं, कुणी न उघडलेलं असं काही आहे का?" साहेबांनी विचारलं.

"विषय कोणता?"

"विषय कोणताही चालेल. मला फक्त बुरशीशी मतलब."

बाईंनी चष्मा काढला. "माझ्या पुस्तकांना बुरशी?" त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, कारण वाचनालयात मोठ्याने बोलायला बंदी होती. पण त्या हळू आवाजात अशी काही धार होती, की साहेब उलट्या पावली बाहेर आले. जाता जाता त्यांना दिसलं, की बाईंनी घाईघाईने कपाटांची दारं उघडली आणि फडकं शोधायला सुरुवात केली.

परतीच्या वाटेवर पाय ओढत ते निघाले, तर रस्त्यात पाणीच पाणी. बेकरीवाला काचा घासत होता. फळवाली फळ्या धूत होती. ज्यांच्याकडे साहेब गेलेही नव्हते ते चहावाले, दूधवाले, केशकर्तनवाले, सगळे बादल्या घेऊन पायऱ्यांवर उतरले होते. फेसातून उड्या मारत साहेब घरी पोचले. पिशवीत एक गरमागरम पाव, आरशासारखी संत्री आणि बुरशीचा एक कण नाही.

दारात बायको. तिच्या हातात बरणी.

"हे काय आहे हो? 'खाण्यास अयोग्य'? सुनेची बरणी आहे ही!"

"माहीत आहे," साहेब म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी फळीपासून वाचनालयापर्यंत सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. बायको एरवी अशा वेळी तोंडाचा पट्टा सोडायची, पण आज तिने नुसतं पाणी आणून दिलं. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे, ते साहेबांना कळलं.

"मी सांगू का तिला?" ती म्हणाली.

"नको. मीच सांगतो. तिला पहिल्या दिवसापासून आपल्या खात्यातली म्हणत आलो, आणि तिचं काम काय हे एकदा विचारलं नाही. आता निदान तोंड तरी दाखवतो."

सून आली ती धावतपळतच. चप्पल काढतानाच म्हणाली, "बाबा, कशी आहे ती?"

साहेब उठून उभे राहिले. "गेली," ते म्हणाले. "मीच घालवली. मला वाटलं, खराब झालेलं सूप आहे. कुकरला लावली."

सून टेबलापाशी गेली. एक बरणी उचलून उजेडाकडे धरली, एक डोळा बारीक केला. मेणाचं सील बघितलं, सही वाचली. मग तिने अगदी गंभीरपणे विचारलं,

"किती शिट्ट्या?"

"काय?"

"शिट्ट्या किती काढल्यात, बाबा?"

"मोजल्या नाहीत गं. बऱ्याच झाल्या. जरा... रागात होतो."

"आणि झाकण नंतर उघडलंत? पाणी ओतून दिलंत?"

"नाही. पुरावा म्हणून ठेवलं."

सुनेच्या खांद्यांना हिसके बसू लागले. साहेबांना वाटलं, पोर रडतेय. ते पुढे झाले, तर ती हसत होती. टेबलाचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"अहो बाबा, सोमवारी सकाळी केंद्रात मी हेच करणार होते! बुरशी मारूनच तर अर्क काढायचा असतो. आमचा कुकर मोठा आणि महाग असतो, आणि त्याला शिट्टी नसते, एवढाच फरक."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. बायकोने त्यांच्याकडे. कुणालाच काही कळलं नव्हतं.

"म्हणजे ती मेली तरी चालते?" सासूबाईंनी विचारलं.

"मेलेलीच हवी, आई."

मग तो गरम पाव मध्ये ठेवून तिघं बसले आणि सुनेने सांगायला घेतलं. साहेब पहिल्यांदा, पाव हातात तसाच धरून, ऐकत राहिले. गेल्या वर्षी ती मळ्यांतून हिंडत होती. एका मळ्यात काकडीचे सगळे वेल भुरी नावाच्या बुरशीच्या रोगाने पांढरे झाले होते, पिठाच्या गिरणीत ठेवल्यासारखे. फक्त एका कुजक्या ओंडक्याशेजारचे वेल हिरवेगार. मळेवाला म्हणाला, नशीब एकेकाचं. हिला ते पटेना. ती त्या ओंडक्याशी उकिडवी बसली, साल खरवडून डब्यात भरली, आणि त्या सालीत राहणाऱ्या एकेका बुरशीला वेगळं करून, वाढवून, तिचा अर्क पानांवर मारून बघत राहिली. एक चालेना, दुसरी चालेना. बरोबरची माणसं म्हणाली, सोड नाद. हिने सोडला नाही. शेवटी ही हिरवी सापडली.

"उकिडवी बसून," साहेब पुटपुटले. "म्हणजे तळ बघितलास." त्यांच्या लेखी माणसाची याहून मोठी स्तुती नव्हती.

"पण ती मेलेली बुरशी भुरीला मारते कशी?"

"मारतच नाही, बाबा. भुरीला ती हातसुद्धा लावत नाही. झाडाला स्वतःची राखण असते, पण ती झोपलेली असते. रोग पार अंगावर आला की जागी होते आणि तोवर उशीर होतो. आपण मेलेल्या बुरशीचे बारीक बारीक तुकडे पानावर मारले, की झाडाला वाटतं, आली बुरशी! मग ते भिंती जाड करतं, कडू रस तयार ठेवतं. खरी भुरी येते तेव्हा सगळी दारं लावलेली असतात."

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. समोर बेकरीवाला शिडीवर चढून दुकानाची पाटी धूत होता. पलीकडे केशकर्तनवाला आपला कंगवा गरम पाण्यात बुचकळत होता. साहेबांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे धाड पडत नाही," ते म्हणाले. "धाड पडणार अशी नुसती बातमी फुटते!"

सून टाळी वाजवून उठली. "बाबा! हे मी मोठ्या मॅडमना सांगणार. मळेवाल्यांना समजवायला इतकी वर्षं आम्हाला एवढं सोपं वाक्य सुचलं नव्हतं."

साहेबांची छाती दोन बोटं वर आली. (ती सासूबाईंनी लगेच खाली आणली. त्या म्हणाल्या, "म्हणजे आज रस्त्यावर फवारा मारला तो तुम्हीच. आणि तुम्हीही रिटायरच.")

अर्थात सगळं काही गोड झालं नाही. सुनेने शांतपणे सांगितलं, की या चार बरण्या केंद्रातल्या प्रयोगात चालणार नाहीत. किती तापल्या, किती वेळ तापल्या, कशाचीच खात्री नाही, आणि 'रागात होतो' हे माप शास्त्रात धरत नाहीत. बुरशीचं मूळ बियाणं केंद्रातल्या फ्रीजमध्ये जपलेलं होतं म्हणून बरं. पण बरण्या पुन्हा भराव्या लागणार होत्या आणि मोठ्या मॅडमची भेट पुढे ढकलावी लागणार होती. फोन करताना तिला किती ओशाळं झालं ते साहेबांना दिसलं. तिने फोनवर साहेबांचं नाव घेतलं नाही. 'घरी जरा गडबड झाली' एवढंच म्हणाली. साहेबांनी तेव्हा मान खाली घातली आणि मनात कुठेतरी ती तशीच ठेवली.

सीलबंद अर्क वाया घालवायचा नाही, म्हणून दोघांनी घरामागच्या काकडीच्या वाफ्यावर तो मारला. उजवीकडच्या वेलांवर अर्क, डावीकडच्यांवर नुसतं पाणी.

"डावीकडच्यांनी काय पाप केलंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. पण ते आजारी पडले तरच उजवीकडचे का पडले नाहीत ते कळेल ना?"

हे साहेबांना फार जड गेलं. पुढे भुरी आली आणि डावीकडची पानं पांढरी होऊ लागली, तेव्हा ते रोज सकाळी फडकं घेऊन जात आणि हात मागे बांधून परत येत. एवढा संयम त्यांनी नोकरीत कधी दाखवला नव्हता. उजवीकडे मात्र पानं हिरवीगार. एखाददुसऱ्या पानावर टिकलीएवढा डाग पडे आणि तिथेच थांबे. साहेब भिंग घेऊन त्या डागाच्या कडेकडेने बघत. एवढीशी पोर, झाडाच्या आतल्या झोपलेल्या शिपायाला हाक मारून उठवते! आपण उभ्या जन्मात बाहेरून घासत बसलो. त्यांनी रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना हाताला धरून तो वाफा दाखवला. पोस्टमनला तर दोनदा. "माझी सून," असं म्हणत आणि पुढे काहीच न म्हणता नुसते पानांकडे बोट करत.

पुढे केंद्रातला प्रयोगही ठरल्यासारखा पार पडला. मोठ्या मॅडमनी पाठ थोपटली, मळेवाले गाड्या भरभरून बघायला आले. सुनेने सगळ्यांना एक गोष्ट बजावून सांगितली, की अर्क एकदा मारून भागत नाही. झाड विसरतं. थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा आठवण द्यावी लागते.

ते वाक्य सासूबाईंनी बरोबर उचललं.

"अहो," एके सकाळी त्या म्हणाल्या, "बेकरीच्या काचेवर पुन्हा माश्या दिसायला लागल्यात. जरा फेरी मारून या बरं."

साहेबांना हे आमंत्रण फार मानाचं वाटलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चमकवले, हात मागे बांधले आणि जुन्या चालीने बेकरीत शिरले. काचेवर खरोखर दोन माश्या निवांत फिरत होत्या. काउंटरवर चुरा सांडला होता. साहेबांनी भुवई उचलली. या भुवईने एके काळी खानावळींच्या खानावळी हादरल्या होत्या.

बेकरीवाला जागचा हलला नाही. उलट हसला.

"या साहेब, बसा. चहा सांगतो."

"काचेवर माशी आहे," साहेब खर्जात म्हणाले.

"दोन आहेत साहेब," बेकरीवाला म्हणाला आणि प्रेमाने खुर्ची पुढे सरकवली. "तुम्ही बसा हो आरामात. परवा वहिनींनी आमच्या हिला सगळं शास्त्र समजावून सांगितलंय. म्हणाल्या, हे आले तर अजिबात घाबरू नका. कुकरमधून काढलेले आहेत, आत जिवंत काही नाही."